मुंगी घाटातली बारस

शिखर शिंगणापूरच्या शंभू महादेवाच्या चैत्र यात्रेसाठी नीरेवर कावड भरली तो दिवस आठवतो, पुढचे नुसते ऊन म्हणून आठवतात. भरताना दांडीला टांगलेले दोन्ही हंडे गळ्यापर्यंत भरायचे. अर्धवट राहिले तर पाणी हिंदकळतं, दांडी उसळते आणि दोन कोसांत खांदा सोलून निघतो. तोंडावर ओलं फडकं आवळून बांधायचं. खांदा आधी मागच्यानं बदलायचा, मग पुढच्यानं. दोघांनी एकदम बदलला की कावड कलंडलीच.

नातेपुते मागं पडलं. कोथळ्याच्या अलीकडं डाव्या टाचेला लिंबाएवढा फोड. एका वस्तीवर टेकलो तर मावशी न विचारता सुई-दोरा घेऊन आली. सुई चुलीच्या जाळावर धरली, लाल दोरा ओवला, फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढला आणि दोन्ही टोकं बोटभर ठेवून तोडला. दोऱ्यावरून पाणी आपोआप ठिबकत राहतं, भोक बुजत नाही. "साल ओढू नगंस बाबा. खालचं कातडं उघडं पडलं की घाट संपला तुझा." वरून हळद-तेल. नाव विचारायचं राहिलं.

बारशीला, म्हणजे चैत्र शुद्ध द्वादशीला, दुपारी मुंगी घाट. मुरूम सुटा, त्यात चैत्राचा तापलेला. कावड आडवी नेली नाही तर पुढचा हंडा खडकावर आपटतो, मागचा अधांतरी लोंबतो. म्हणून दोन्ही बाजूंनी माणसं उतारावर पाय रोवून बसतात, एकमेकांच्या हातात हात अडकवतात आणि दांडी हातोहात वर जाते. कावड चढवतो तो चालणारा नव्हे, जागेवर घट्ट बसलेला. घोटाळा होतो तो खालच्यांनी रेटा दिला नि वरचे तयार नसले की. यंदा आमच्या वरचे दोघे हात सोडून मोबाईलवर चित्रीकरण करत होते. त्या कड्यावर तोंडात आलेली शिवी मी महादेवाच्या नावावर खपवली. "म्हाद्या धाव!" म्हणायची परवानगी इथं आहेच. महादेवाचे जुने भक्त भुतोजीबुवा तेली यांनी ती कधीच मिळवून ठेवलीय. सासवडहून कऱ्हेचं पाणी घेऊन येणारी त्यांची मानाची कावड सगळ्यांच्या शेवटी चढते. तोवर घाटात कुणी घराकडं वळत नाही.

वर आल्यावर शंभू महादेवाचं शिखर. यादवांच्या सिंघण राजावरून शिंगणापूर म्हणतात, भोसल्यांचं कुलदैवत. अष्टमीला लागलेल्या शिव-पार्वतीच्या लग्नाचं पागोटं, म्हणजे लांबलचक कापड, देवळाच्या शिखरापासून बळीच्या देवळापर्यंत ताणलेलं असतं. गाभाऱ्यात लिंगं दोन, शिव आणि शक्ती. आमचं पाणी त्यांच्यावर गेलं ते रात्री, रेटारेटीत, क्षणभर. डोळे भरले, मागच्यानं कोपर मारलं.

शिखरावर पाण्याचे हाल म्हणून मालोजीराजांनी बांधलेला पुष्कर तलाव खाली आहे. तिथं पाय धुतले. लाल दोरा टाचेत तसाच होता.