मोसंबीच्या बागेचं 'जिरायत' झालं तेव्हा

साठवण तलावाच्या भूसंपादनात आमचा गट, म्हणजे शेतजमीन, गेली. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 11 ची अधिसूचना, 60 दिवसांतली हरकत, सुनावणी, सगळं रीतसर झालं. घोडं अडलं ते संयुक्त मोजणीच्या, म्हणजे खात्यांनी मिळून केलेल्या जमीन मोजणीच्या, पत्रकावर.

क्षेत्र बरोबर निघालं, पण शेऱ्यात एकच शब्द: जिरायत. विहीर नाही, पाइपलाइन नाही, मोसंबीची 180 झाडं नाहीत. (मोसंबीसाठी नावाजलेल्या जालन्याकडच्या माणसाला मोसंबी दिसत नाही, हे आम्हाला तेव्हा कळलं.) पत्रकात नाही त्याचं मूल्यांकन नाही. फळझाडांसाठी कृषी खातं, बांधकामासाठी सार्वजनिक बांधकाम, दोघंही याच कागदावरून चालतात. शिवाय नुकसान दुप्पट, कारण कलम 30 ची 100 टक्के दिलासा रक्कम, म्हणजे किमतीइतकीच वरची रक्कम, झाडं-विहिरीच्या किमतीवरही मिळते.

विचारलं तर उत्तर ठरलेलं: "सातबाऱ्यावर विहीर नाही." तलाठी म्हणणार मोजणीवाल्यांना भेटा, मोजणीवाले म्हणणार तलाठ्याला. सात महिने हेच. चूक आमचीही होती. नमुना 12 वर, म्हणजे सातबाऱ्यातल्या पिकांच्या नोंदीत, वर्षानुवर्षं नुसता कापूस लागत होता आणि आम्ही कधी बघितलंच नाही.

तोंडी विनवण्या सोडून फेरतपासणीचा लेखी अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला, तेव्हा फाइल हलली. सोबत लावलं: कृषीपंपाची जुनी वीजबिलं, फळबाग योजनेचा मंजुरी आदेश, बँकेचं बागेचं कर्ज, शेजाऱ्यांच्या सह्यांचा पंचनामा. प्रत्येक कागदाची तारीख अधिसूचनेच्या आधीची हवी. नंतर खोदलेली विहीर कोणी धरत नाही. स्थळपाहणीला लागला जेमतेम एक तास!

मोजणीच्या दिवशीच झाडं मोजून पत्रकात लिहून घ्या. कोऱ्या रकान्याखाली सही करू नका. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरची पीकनोंद, आता स्वतःच भरता येते, तिथं बाग आणि सिंचनाचं साधन आजच टाका.

दराचं राहिलंच. कलम 26 प्रमाणे आसपासच्या तीन वर्षांच्या खरेदीखतांतली जास्त किमतीची निम्मी धरून सरासरी काढतात. दुय्यम निबंधकाकडून ती यादी स्वतः काढा. मुद्रांक शुल्काच्या दरापेक्षा ती जास्त आली तर तीच लागू होते.

रक्कम उचलताना पावतीवर "निषेध नोंदवून स्वीकारली" असं लिहा. ते नसेल तर कलम 64 खाली वाढीव मोबदला मागता येत नाही. निवाड्याच्या, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाच्या, वेळी हजर असाल, तर त्या अर्जाला मुदत फक्त 6 आठवडे.