आमची वाटचाल : घरगुती लाल वाइन आणि मोजमापाचा आग्रह

घरी लाल वाइन करू पाहणाऱ्या नवशिक्यांना साहित्य पुरविण्याचा आमचा व्यवसाय सुरू झाला, तेव्हा आमच्याकडे यीस्टच्या पुड्या, झाकणाच्या बादल्या, काचेचे बुधले, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत येऊ न देणारी झडप), रबरी नळ्या आणि बाटल्यांची बुचे एवढाच माल होता. कृती बहुतेक ग्राहकांना आधीच कोठून तरी मिळालेली असे. तरीही साहित्य घेऊन गेलेला ग्राहक थोड्याच दिवसांत परत विचारणा करी, आणि त्याची शंका बहुधा एकच असे : एक टप्पा संपला आणि पुढचा सुरू करायचा, हे ओळखायचे कसे? लिखित कृतीत ‘दहा दिवसांनी गाळा’ असे ठामपणे सांगितलेले असते. यीस्ट मात्र दिनदर्शिका पाहून काम करीत नाही. द्राक्षांतील साखर, खोलीचे तापमान आणि यीस्टचा जोम यांवर तेच काम कधी पाच दिवसांत उरकते, तर कधी दोन आठवडे रेंगाळते.

या शंकेने आमच्या व्यवसायाची दिशा ठरविली. आम्ही सर्वप्रथम संचात हायड्रोमीटर सक्तीचा केला. साखर विरघळलेला रस पाण्यापेक्षा जड असतो आणि तिचे मद्यार्कात रूपांतर होत गेले की द्रव हलका होत जातो, एवढ्या साध्या तत्त्वावर हे काचेचे तरंगते उपकरण चालते. आरंभी 1.090 च्या आसपास विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतला जडपणा, पाण्याचा आकडा 1.000) असलेला रस पूर्ण आंबला, तर साधारण 12 टक्के मद्यार्काची वाइन मिळते, आणि शेवटी हा आकडा 1.000 च्याही खाली, म्हणजे 0.995 च्या आसपास येतो. आरंभीचा आकडा फार कमी असेल तर साखर घालून तो वाढविता येतो. ढोबळ मानाने लिटरमागे 17 ग्रॅम साखरेतून एक टक्का मद्यार्क तयार होतो. काही ग्राहकांना हे उपकरण अनावश्यक वाटे, कारण एअरलॉकमधील बुडबुडे डोळ्यांना दिसतातच. पण झाकण किंचित सैल असले तरी बुडबुडे थांबतात, आणि आंबणे संपल्यावर केवळ तापमान वाढले तरी ते पुन्हा दिसू लागतात. हायड्रोमीटरही फसवू शकतो, हे येथे सांगितले पाहिजे : त्याला चिकटलेले वायूचे बुडबुडे त्याला वर उचलतात आणि आकडा खऱ्यापेक्षा मोठा दिसतो, म्हणून वाचनापूर्वी तो नळीत हलकेच फिरवावा.

त्यानंतरची भर पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची, म्हणजे रसात सल्फर डायऑक्साइड सोडणाऱ्या पुडीची. रसातील रानटी जंतूंना आवर घालण्यासाठी लिटरमागे सुमारे 50 मिलिग्रॅम सल्फर डायऑक्साइड पुरतो, आणि पाच लिटरसाठी या पुडीचे प्रमाण अर्ध्या ग्रॅमहूनही कमी भरते. घरातल्या वजनकाट्यावर एवढे वजन नीट दिसतच नाही. ‘चिमूटभर’ हे माप आम्हाला मान्य नसल्याने आम्ही पाच लिटरच्या मापाने आधीच तोललेल्या पुड्या देऊ लागलो आणि सल्फाइटचा त्रास होणाऱ्यांसाठी त्यावर स्पष्ट सूचना छापली. पूड मिसळल्यावर चोवीस तास थांबून मगच यीस्ट घालावे, अन्यथा त्याचीही वाढ खुंटते.

लाल वाइनचे खरे वैशिष्ट्य सालींत असते. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर फिकट असतो. रंग आणि टॅनिन (वाइनला तुरटपणा देणारे द्रव्य) सालींतून उतरतात, म्हणून रस सालींसकटच आंबवावा लागतो. कार्बन डायऑक्साइड या साली वर ढकलतो आणि पृष्ठभागावर त्यांचा जाड थर धरतो. तो दिवसातून दोन-तीन वेळा दाबून रसात बुडविला नाही, तर वरचा भाग कोरडा पडून तेथे व्हिनेगर करणारे जिवाणू फोफावतात. याच कारणाने आम्ही बादलीचा आकार वाढविला : पाच लिटर वाइनसाठी सात ते आठ किलो द्राक्षे धरली, तर ती चुरल्यावरही बादलीचा किमान चौथा हिस्सा रिकामा राहिला पाहिजे. तापमान 20 ते 30 अंश सेल्सिअसच्या दरम्यान असावे. त्याच्या बरेच वर गेल्यास यीस्ट थकते आणि आंबणे अर्ध्यावर अडकते.

हवेबाबत मात्र नवशिक्यांचा गोंधळ अजूनही होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. पहिल्या काही दिवसांत यीस्टच्या वाढीला प्राणवायू उपयोगी पडतो. साली पिळून वाइन बुधल्यात गेली की तीच हवा तिला बिघडवते. म्हणून संचात आम्ही एका मोठ्या बुधल्याऐवजी पाच लिटरचा एक आणि एक लिटरचा एक असे दोन बुधले देतो. गाळ तळाशी बसल्यावर वरची वाइन नळीने दुसऱ्या भांड्यात काढताना थोडी घट होतेच, आणि ती लहान बुधल्यातील वाइनने भरून काढता येते. ओक लाकडाच्या चकत्या, चव बदलणारी मिश्रणे आणि रंगीत वेष्टने यांची मागणी असते, परंतु पहिल्या संचात ती घालण्याचे आम्ही टाळले आहे. द्राक्षांची मूळ चव ओळखता येण्याआधी ती झाकण्यात आम्हाला अर्थ वाटत नाही.

घरगुती वापरासाठी वाइन करण्याचे नियम प्रदेशागणिक वेगळे असल्याने ते तपासून घ्यावेत, ही सूचना प्रत्येक मागणीबरोबर जाते.

संचात आता एक नोंदपत्रही असते. त्यात तारीख, तापमान, विशिष्ट गुरुत्व आणि चवीविषयी एक ओळ, एवढेच रकाने आहेत. बुचे मात्र आम्ही संचातून काढून टाकली. साखर शिल्लक असताना बाटली बंद केली, तर आत पुन्हा आंबणे सुरू होऊन बूच उडते किंवा काच फुटते. आणि हाताशी बुचे असली की बाटल्या भरण्याची घाई होतेच. आकडा 1.000 च्या खाली जाऊन काही दिवस जागचा हलला नाही, वाइन निवळली आणि तळाशी नवा गाळ साचणे थांबले, असे नोंदपत्रावर दिसले की ग्राहक ते आम्हाला पाठवितो आणि बुचे त्यानंतर रवाना होतात.