तुम्ही विचारलंत म्हणून: या गोष्टींतले आईबाप जातात कुठे?

आमच्या सोसायटीच्या वाचनालयात मुलांच्या पुस्तकांचं कपाट मी सांभाळते, त्यामुळे हा प्रश्न माझ्याच वाट्याला येतो. पुस्तक परत करताना आईबाप जरा आवाज खाली आणून विचारतात, "अहो, या नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, देवांच्या गोष्टींत घरचे एकतर मेलेले, नाहीतर बदमाश. मित्र तेवढे सोन्यासारखे. मुलांनी यातून घ्यायचं काय?"

अमेरिकन लेखक रिक रायर्डनच्या मॅग्नस चेस मालिकेबद्दल हे सगळ्यात जास्त विचारलं जातं (तीन भाग, २०१५ ते २०१७), म्हणून तिच्याबद्दलच बोलते. तक्रार खोटी नाही. सोळा वर्षांचा मॅग्नस बॉस्टनच्या रस्त्यावर राहतो. आईला लांडग्यांनी मारलं. बाप फ्रे हा देव, त्यानं लेकाला कधी तोंड दाखवलेलं नाही. सख्खा मामा लोकी या कपटी देवाच्या नादाला लागून भाच्यालाच गोत्यात आणतो. (हा मामा मला अख्ख्या मालिकेत सगळ्यात खरा वाटतो. बायको आणि दोन मुली समुद्रात गेल्या, त्या परत मिळतील या आशेवर तो एकेक पायरी घसरत जातो.)

पण ही फुटलेली घरं रायर्डननं पदरची आणलेली नाहीत. तेराव्या शतकात आइसलँडमध्ये लिहून ठेवलेल्या मूळ कथा काढून बघा. देवांचा राजा ओडिन आणि त्याचे भाऊ आदिराक्षस यमीरला मारून त्याच्या देहातून जग रचतात. ओडिनची आई त्या राक्षसकुळातलीच. ओडिनचा मुलगा बाल्डर, त्याचा जीव जातो तो आंधळ्या भावाच्या हातून, लोकीनं हातात दिलेल्या मिसलटो या झुडपाच्या काडीनं. लोकीला शिक्षा म्हणून बांधतात तेही त्याच्याच मुलाच्या आतड्यांनी. फेनरीर लांडगा पिल्लू असल्यापासून देवांच्या अंगणात वाढतो, त्याला खायला घालायची हिंमत एकट्या टीर या देवामध्ये असते, आणि त्याला फसवून रेशमासारख्या जादूच्या पट्ट्यात अडकवताना तारण म्हणून जबड्यात हातही टीरलाच द्यावा लागतो. हात जातो. असल्या मालावर कुणी चौकोनी सुखी कुटुंबाची गोष्ट बेतली, तर मुलं दुसऱ्या पानावर पुस्तक मिटतील. शिवाय ज्या घरात कुंतीनं कर्णाला नदीत सोडल्याची गोष्ट मुलांना झोपताना सांगतात, त्या घरातून हा प्रश्न यावा याची मला थोडी गंमत वाटते.

मैत्रीचंही तिथे काही सोवळं नाही. समुद्राचा राक्षस एगीर देवांना मेजवानी देतो, तिथे लोकीला बसायला जागा मिळत नाही, तेव्हा तो ओडिनला आठवण करून देतो: आपण रक्तात रक्त मिसळलं होतं, आणि दोघांना मिळाल्याशिवाय मद्य घेणार नाही असं तू म्हणाला होतास. ओडिन त्याला जागा देतो. मग लोकी एकेका देवाची लाज काढत सुटतो. शपथ घेतली की नातं टिकतं, असं या कथा कुठेच म्हणत नाहीत. 'हावमाल' या जुन्या कवितेतला सल्ला फार साधा आहे: मित्राकडे जात येत राहा, कुणी न चाललेल्या वाटेवर झुडपं आणि उंच गवत माजतं.

रायर्डनची मैत्री मला पटते ती इथेच. ब्लिट्झेन ड्वार्फ, म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या बुटक्यांपैकी, उन्हात गेला तर दगड होणारा. हार्थस्टोन एल्फ, म्हणजे उजेडाच्या जगातल्या लोकांपैकी, उजेडाशिवाय मरणारा. एकाचं औषध ते दुसऱ्याचं विष. तरी हार्थस्टोन पाताळातल्या अंधारात मरायला टेकतो तेव्हा ब्लिट्झेन त्याला कातडी रापवायच्या दिव्यांच्या पलंगावर झोपवून जगवतो. हार्थस्टोन बहिरा आहे. मॅग्नस आणि ब्लिट्झेन त्याच्याशी खुणांच्या भाषेत बोलतात, भांडतातही तसंच. त्याच्या बापानं ती भाषा घरात कधी येऊ दिली नाही.

त्या घराबद्दल जरा जास्त सांगायला हवं. हार्थस्टोन लहान असताना त्याच्या भावाला विहिरीवरच्या एका जनावरानं मारलं. हा पाठमोरा खेळत होता, ऐकू येणं शक्यच नव्हतं. बापानं दोष याच्यावर ठेवला. त्या जनावराचं केसाळ कातडं याच्याच खोलीत अंथरलं, आणि एकेक केस सोन्याच्या नाण्यानं झाकला जाईपर्यंत भावाच्या जिवाची भरपाई याच्या नावावर. वर खाण्यापिण्याचेही पैसे कापायचे. आता मूळ कथा बघा. तिथे लोकी एका पाणमांजराला दगडानं मारतो, ते निघतं ह्रैदमार नावाच्या एकाचा रूप बदललेला मुलगा, आणि देवांना त्याचं कातडं सोन्यानं झाकून द्यावं लागतं. शेवटी मिशीचा एक केस उघडा राहतो, त्यावर ओडिन शापित अंगठी ठेवतो. म्हणजे पुराणात मेलेल्या मुलाची भरपाई बाप परक्यांकडून घेतो. रायर्डनचा बाप ती जिवंत मुलाकडून वसूल करतो. एवढ्या एका बदलासाठी मी त्याचे सगळे फाजील विनोद माफ करते, आणि ती बडबडी तलवारसुद्धा. तशीच अंगठी रायर्डनकडेही आहे; तिच्यामुळे हार्थस्टोनच्या बापाचं पुढे काय होतं ते सांगत नाही, पण जुनी कथा ज्यांना ठाऊक आहे त्यांनी ओळखलं असेल.

सगळी घरं अशी नाहीत, हेही सांगते. समीरा लोकीची मुलगी, पण तिला वाढवलं आजी-आजोबांनी. ती वाल्कीरी आहे, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांना ओडिनकडे नेणारी; रोजे धरते, लढाईच्या मोहिमेवरसुद्धा. बापाची सत्ता झटकायला ती जिवाचं रान करते. आजी-आजोबांचं घर मात्र सोडत नाही. तेव्हा "घर वाईट, मित्र चांगले" एवढीच वाटणी पुस्तकात नाही.

तिसऱ्या भागात मॅग्नसला लोकीशी शिव्यांची जुगलबंदी खेळावी लागते. लोकीपुढे शिव्यांत कोण टिकणार? मग तो शिव्या सोडून आपल्या एकेका दोस्ताचं कौतुक करत जातो, कोण कशात पटाईत, कुणी कुणासाठी काय केलं. लोकी लहान लहान होत अक्रोडात मावेल एवढा उरतो. कागदावर हे फार गुळमट वाटतं, मला माहीत आहे. पण एगीरच्या मेजवानीची कथा वाचून हा प्रसंग वाचलात, तर कुणाचा डाव कुणावर उलटलाय ते कळतं.

तर मुलांना द्या, बारा-तेरापासून पुढे. फक्त दुसऱ्या भागातलं हार्थस्टोनच्या घरचं प्रकरण तुम्ही आधी वाचा, कारण मार्कांवर मोबाइलचा सौदा तुमच्याकडे चालत असेल तर मूल त्यावर नेमकं काहीतरी विचारणार. पहिला भाग सध्या बाहेर गेलाय, नाव लिहून ठेवा.