सिग्नलच्या डब्याखालचा भोवरा

लंडनजवळच्या सेंट ऑल्बन्सला राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. स्टेशनवरून व्हिक्टोरिया स्ट्रीटचा चढ चढून गावात आलं की वर सिग्नल लागतो. खांबावरच्या डब्याचं बटण दाबायचं, हिरवा माणूस लागला की रस्ता ओलांडायचा. हे मी हजारदा तरी केलं असेल. त्या डब्याच्या खालच्या अंगाला आणखी काही आहे, हे मला गेल्या बुधवारी कळलं. तेही बाबांकडून.

बाबांना काचबिंदू आहे. समोरचं दिसतं, पण कडेचं सगळं हळूहळू गेलं. डोंबिवलीत त्यांनी एकट्याने बाहेर पडणं सोडूनच दिलं होतं. इथे आल्यावर पहिले पंधरा दिवस मी त्यांचा हात धरून हिंडवलं. मग एक दिवस म्हणाले, "आता सोड गं, रस्ता पायांना पाठ झालाय." बुधवारी आणि शनिवारी सेंट पीटर्स स्ट्रीटवर बाजार भरतो, तिथे ते एकटे जायला लागले. बुधवारी माझं काम घरून असतं, त्यामुळे माझा जीव घड्याळात अडकलेला. गेल्या बुधवारी तासभर उशीर झाला. मी चपला घालून निघणार तोच दारात बाबा. पिशवीतली संत्री खाली ठेवायच्या आधीच म्हणाले, "चल माझ्याबरोबर. तुला एक दाखवायचंय."

सिग्नलशी त्यांना पांढरी काठी घेतलेले एक आजोबा भेटले होते. बाबा लाल-हिरवा माणूस नेमका कुठे आहे ते मान फिरवून शोधत होते, तेव्हा तेच पुढे होऊन म्हणाले, तुमचा हात धरला तर चालेल का? बाबांची बोटं त्यांनी डब्याच्या खाली नेली आणि म्हणाले, आता थांबा.

बाबांनी माझाही हात तसाच धरून खाली नेला. बोटांना धातूचा एक छोटा शंकू लागला. अंगठ्याच्या पेराएवढा, थंडगार, अंगावर बारीक खाचा असलेला. बटण दाबून आम्ही दोघं उभे राहिलो. आणि एकदम तो बोटांखाली गरगर फिरायला लागला. वर बघितलं तर हिरवा माणूस लागलेला. "भोवरा गं, भोवरा!" बाबा म्हणाले.

घरी येऊन वाचलं. ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी ही सोय 1980च्या दशकात नॉटिंगहॅम विद्यापीठात तयार झाली. पुष्कळ सिग्नलना हिरवा माणूस लागला की टीं-टीं असा आवाजही येतो. पण दोन सिग्नल जवळजवळ असले, तर आवाज नेमका कुठल्या रस्त्यासाठी आहे ते कळणार नाही, आणि माणूस भलत्याच गाडीसमोर जाईल. म्हणून तिथे आवाज नाही, नुसता भोवरा. तोही सहसा उजव्या हाताच्या डब्याखाली, म्हणजे शोधावा लागू नये. बोर्ड नाही, उद्घाटनाची पाटी नाही. ज्याला गरज आहे त्याच्या बोटांना तो सापडतो, बाकीच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

तेव्हापासून बाबांना हा नादच लागलाय. गावातला एकेक सिग्नल ते तपासून येतात. पायाखालच्या उठावाच्या फरश्यांचा अर्थही त्यांनी लावून घेतलाय: फुटपाथ उतरता होतो तिथे हे गोल उठाव असतात, सिग्नलपाशी लाल, जिथे सिग्नल नाही तिथे पिवळसर. सिग्नलपाशी त्याच फरश्यांची एक पट्टी फुटपाथवर आडवी मागे आलेली असते. ती पायाला लागली की तिच्यावरूनच चालायचं, बरोबर बटणाशी पोचता. अशा फरश्या जपानमध्ये पहिल्यांदा 1967मध्ये बसवल्या, आणि आपल्या लोकलच्या प्लॅटफॉर्मवरही पिवळ्या रंगाच्या आहेत. बाबांनी त्यांच्यावर उभं राहून वर्षानुवर्षं गाडीची वाट पाहिली. त्या कशासाठी आहेत, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही, आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही.

आता डोंबिवलीबद्दल. इथलं कौतुक लिहिलं की मामेभावाचा फोन येतो, "तिकडची लोकसंख्या किती?" बरोबर आहे त्याचं. हे गाव पाऊण लाखाच्या आसपास. कल्याण-डोंबिवली मिळून 2011च्याच जनगणनेत साडेबारा लाखांच्या घरात होती. आणि चालायचं गाव म्हणाल तर डोंबिवलीला कुणी शिकवायला नको. माझी शाळा, क्लास, वाचनालय, दवाखाना, भाजी, गणपतीचं देऊळ, सगळं दहा मिनिटांच्या चालीत होतं. आमच्याकडे स्कूटरसुद्धा नव्हती आणि ती नाही असं कधी जाणवलं नाही. 1999 पासून पाडव्याच्या शोभायात्रेत सगळं गाव फडके रोडवर चालतं. रात्री दहाला त्या रस्त्याने एकट्या मुलीने यावं आणि तिला भीती वाटू नये, इतकी माणसं. इथे साडेपाचला दुकानं बंद होतात. डिसेंबरात चारलाच अंधार पडतो आणि व्हिक्टोरिया स्ट्रीटवर स्टेशनातून घरी जाणारे लोक सोडले तर कुणी नसतं, तेही कानात काहीतरी घालून.

इथेही सगळं गोड नाही. लंडनमध्ये फुटपाथवर गाडी लावायला 1974 पासून बंदी आहे, पण लंडनची हद्द संपली की बाकीच्या इंग्लंडमध्ये तशी सरसकट बंदी नाही. त्यामुळे आमच्या गल्लीत गाड्यांची दोन चाकं फुटपाथवरच असतात. कचऱ्याच्या दिवशी त्यात डब्यांची भर. बाबांच्या गुडघ्याला एकदा चांगलं लागलं. मी त्या गाडीच्या काचेवर चिठ्ठी लिहून ठेवली. पुढच्या आठवड्यात गाडी परत तिथेच.

पण तरी. बाबांनी पस्तीस वर्षं डोंबिवलीहून सीएसटीला ये-जा केली, 48 किलोमीटर, तासाच्या वर वेळ, बहुतेक वेळ उभ्याने. मी इथून लंडनच्या सेंट पॅन्क्रस स्टेशनला वीस मिनिटांत पोचते, 32 किलोमीटर. आम्ही दोघंही स्टेशनच्या गावातलेच. गाडी घेतली नाही म्हणून नातेवाईक मला अजून विचारतात, "काय गं, जमत नाही का?" तेव्हा मला सांगावंसं वाटतं, की मी माझ्या वडिलांचं आयुष्यच जगतेय, फक्त बसायला जागा मिळते. आणि त्यांनी जे घालवलं, ते एकट्याने चालणं, माझं अजून शाबूत आहे. बाबा पडले ते आमच्याच गल्लीत, उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर. मनगट मोडलं. ज्या रस्त्याने साठ वर्षं चालले तिथे. त्यानंतर भाजी अ‍ॅपवरून यायला लागली आणि बाबा गॅलरीत बसायला लागले. कायदा आपल्याकडेही आहे, अपंगांच्या हक्कांचा, 2016चा. गर्दीचं कारण मी रस्त्यांच्या रुंदीसाठी मान्य करीन. एक सैल ब्लॉक बसवायला लोकसंख्या आड येत नाही.

हे मी इथे बसून लिहितेय, याची मला जाणीव आहे. तिथे राहून भांडायला हवं होतं, असं कुणी म्हणालं तर माझ्याकडे उत्तर नाही. आई-बाबांना इथेच ठेवून घेता येत नाही, व्हिजा सहा महिन्यांचा. त्यातले पाच संपले.

काल रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "आपल्या घरापासून डोंबिवली स्टेशनपर्यंत सिग्नल किती गं?" मी मनातल्या मनात तो सगळा रस्ता चालून आले. डेअरी, देऊळ, रिक्षा स्टँड. मला एकही आठवला नाही. आईने त्यांच्या पानात भात वाढला आणि म्हणाली, "आधी जेवा."

आज पुन्हा बुधवार. बाबा आत्ताच पिशवी घेऊन निघाले. कोपऱ्यावर थांबले, पायाने फरशीचे उठाव चाचपले, आणि वळले.