तुम्ही विचारलंत म्हणून: ‘बैल वाहून गेले, मग पूल फसलाच ना?’

चीनमधल्या पीत नदीच्या पूजिन घाटावरच्या लोखंडी बैलांचा विषय मी काढला की हा प्रश्न येतोच. ‘एवढं लोखंड ओतलं आणि शेवटी पुरात गेलं ना?’ दर वेळी घाईत काहीतरी बोलून मी वेळ मारून नेते. आज नीट सांगते.

बैल ओतले इ.स. ७२४ मध्ये, तांग सम्राट श्वानझोंगच्या काळात. दोन्ही काठांवर चार-चार. नावा जोडून केलेला पूल तिथे त्याआधीही होता, पण बांबूच्या दोरांवर. दोर झिजायचे, नदीतला बर्फ फुटून आदळला की पूल मोडायचा. म्हणून लोखंडी साखळदंड आले आणि ते धरायला बैल. आपण बैल खुंट्याला बांधतो, इथे बैलच खुंटा. पण पकड नुसत्या वजनाची नव्हती. बैलांखालचे जाड लोखंडी खांब तिरके जमिनीत शिरलेले आहेत.

शिकत असताना मी ठासून सांगायची, काम खांबांचं, बैल केवळ शोभेचा. बैल म्हणजे माती आणि माती पाण्याला आवरते, ही तिथली जुनी समजूत तेव्हा मी झटकून टाकायची. आज तसं म्हणवत नाही. त्या पुलावर पाऊल टाकणाऱ्याला काठावर काय दिसत होतं, हेही मला महत्त्वाचं वाटतं. पण बैल पाहून भीती कमी झाल्यानं साखळी घट्ट होत नाही, हे तेव्हाचं माझं म्हणणंही खोडता येत नाही.

आता तो पूर. सोंग घराण्याचा काळ, अकरावं शतक. पाणी अचानक चढलं, पूल तुटला आणि जाताना बैलांना ओढत नदीत घेऊन गेला. एकेक बैल कित्येक दहा हजार जिन (जुनं चिनी वजनमाप, अर्ध्या किलोहून थोडं जास्त) वजनाचा, म्हणजे कितीतरी टनांचा! कोणी काढून देईल का, अशी विचारणा झाली. ह्वायबिंग नावाचा भिक्षू पुढे आला. त्यानं दोन मोठ्या नावा मातीनं भरून पाण्यात खोल दाबल्या, बैल त्या दोघींच्या मधे घेऊन बांधला, मोठ्या लाकडाचा आकडा करून त्यात अडकवला. मग माती हळूहळू उपसायला लावली. नावा हलक्या होऊन वर आल्या, त्यांच्याबरोबर बैलही. नदीनं नेलेलं तिच्याच पाण्याच्या जोरावर परत मिळवलं. याला फसणं म्हणायचं? पुढे तेराव्या शतकात पूल गेला तो लढाईत. बैल गाळात बुजले. पूर्व काठचे चार १९८९ साली उकरून काढले.

हो, त्या पुरात पकड सुटली. ते मी नाकारत नाही, आणि एक गोष्ट मला अजून सुटलेली नाही. बांबूचा दोर आधी तुटायचा, काठावरचं शाबूत राहायचं. लोखंडी साखळी सहजी तुटत नाही, मग खुंट्यालाच ओढते. नावा पुन्हा बांधता येतात, बैल पुन्हा ओतणं सोपं नाही. तेव्हा साखळीतच एखादी कडी मुद्दाम कच्ची ठेवायला हवी होती, असं मी म्हणते. पण मग दर वर्षीच्या बर्फात तीच कडी आधी जाणार, आणि बांबूवरून लोखंडावर आले होते ते नेमकं हेच टाळायला.