साठचा काटा आन् सहासष्ट सेकंद

आमच्या आबांचं एक वाक्य मी कळायला लागल्यापासून ऐकतोय. "बार्शी रोडला मी काटा शंभरला टेकवला होता." पाहुणे आले की हे निघणार, लग्नाच्या मांडवात निघणार, कुणी नवी गाडी घेऊन पेढे द्यायला आला तर पेढा तोंडात असतानाच निघणार. गाडी तीच, शंभर सीसीची, अजून आमच्या दारात उभी आहे आन् अजून चालते. पण शंभर सीसीच्या गाडीनं खरोखर शंभर जायचं म्हणजे जरा जास्तच होतं, हे मला कॉलेजात गेल्यावर वाटायला लागलं. बोललो नाही. आबांसमोर असलं कोण बोलणार.

परवा मात्र मी ते मोजलंच. शंभर नाही, साठ मोजले.

सकाळी भाच्याला मागं बसवलं आन् औशाकडं निघालो. पद्धत एकदम सोपी आहे, ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, त्यामुळं काटा ६० वर धरून ठेवायचा आन् रस्त्याच्या कडेचा एक पिवळ्या डोक्याचा दगड ते पुढचा दगड किती सेकंद लागतात ते मोबाईलवर बघायचं. बरोबर ६० आले तर मीटर खरं. पहिल्या खेपेला मधीच उसाचा ट्रॅक्टर आला, दोन ट्रॉल्या, आन् ड्रायव्हर कानाला फोन लावून. दुसऱ्या खेपेला पुढच्या दगडावर कुणाच्यातरी वाढदिवसाचं पोस्टर चिकटवलेलं, भाचा म्हणाला "मामा, दगड गेला की काय?" आन् खरंच गेला होता, आम्ही पोस्टरला दगड धरलंच नाही. तिसऱ्या खेपेला जमलं. काटा ६० वर, दगड ते दगड सहासष्ट सेकंद. छत्तीसशेला सहासष्टनं भागा, साडेचोपन्न येतात.

परत येताना जीपीएसवाला ॲप लावला तर तो पण ५५ म्हणायला. सरळ मोकळ्या रस्त्यावर त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही, घाटात आन् वळणावर तो जरा गांगरतो. म्हणजे आमचा साठचा काटा खरा पंचावन्नचा. आन् हे बिघाड नव्हे बरं का, हे ठरवून आहे.

मी घरी येऊन वाचत बसलो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनांच्या नियमांत ३९ नंबरचा एक नियम आहे, त्याचं सार एवढंच की मीटरनं खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. जास्त दाखवलं तर चालतं, खऱ्या वेगाच्या दहा टक्के आन् वर अजून थोडे, कारला चार किलोमीटर, मोटारसायकलला त्याहून जास्त सूट. आता तुम्ही गाडी बनवणारे असता तर काय केलं असतं? टायर नवा असतो तेव्हा चाक मोठं, झिजला की लहान. आमच्यासारख्या गाडीचं चाक एका किलोमीटरला सव्वापाचशेच्या आसपास फेरे मारतं, टायर पाच मिलिमीटर झिजला की तेच आठ-नऊ फेरे जास्त. हवा कमी असली तरी जास्त, मागं सासुरवाडीचं मोठं माणूस बसलं तरी थोडं जास्त. मीटर बिचारं फेरेच बघतं, त्याला माणूस दिसत नाही. मग काटा कुठल्याही परिस्थितीत कमी दाखवू नये म्हणून कंपन्या तो आधीच वर लावून ठेवतात. आता डिजिटल मीटर आले, ठळक आकड्यात ५७, ५८ दाखवतात, त्यामुळं लोकांना वाटतं हे पक्कं. तिथं पण आकडा आतूनच वाढवून दिलेला असतो. काट्यावर निदान शंका तरी घेता येते.

खरी गंमत जुन्या मीटरच्या पोटात आहे. पुढच्या चाकाच्या हबमधी वर्म, म्हणजे मळसूत्रासारखा एक गिअर असतो, तो चाकाबरोबर केबल फिरवतो, केबल काळ्या नळीतून वर जाते आन् मीटरमधी एक लोहचुंबक गरगर फिरवते. त्या चुंबकाला लागून, पण न टेकता, ॲल्युमिनियमची एक वाटी असते. चुंबक फिरलं की वाटीत वीज तयार होते आन् वाटी त्याच्यामागं ओढली जाते, तेवढ्यात केसाएवढी एक स्प्रिंग तिला मागं धरते. या ओढाताणीत वाटी जिथं अडेल तिथं काटा. बर्लिनमधी ओटो शुल्झे नावाच्या माणसानं १९०२ मधी याचं पेटंट घेतलं, आन् आमच्या दारातली गाडी अजून त्याच्यावरच चाललीय. स्प्रिंग थकली की काटा वर पळणार, चुंबक थकलं की खाली बसणार. दोन्ही बरोबरीनं थकले तर मीटर म्हातारपणी पण खरं बोलंल.

केबल कोरडी पडली की वेगळंच. ती आत अडकत अडकत फिरते, मग काटा नाचायला लागतो. आमचा काटा माझ्या लहानपणी असाच नाचायचा, मला चांगलं आठवतं, मी टाकीवर बसायचो आन् तो डोळ्यासमोर ६० ते ८० नुसता वायपरसारखा. मामूच्या गॅरेजला नेलं तेव्हा त्यानं केबल ओढून काढली, ग्रीस चोपडलं, परत घातली, पुढचं चाक उचलून हातानं गरकन फिरवलं. काटा शहाण्यासारखा उठला आन् बसला. मी विचारलं, मामू, किती खरं दाखवतं हे? तर म्हणाला, "काटा देखके गाडी चलाता कौन है रे?" ते पण खरंच. आमच्याकडं माणूस काट्याकडं कधी बघतो, तर शंभर गाठायचं असलं की.

तर आबांच्या शंभरचं कोडं मला तिथंच सुटलं. काटा ८० ते १०० मधी नाचत असणार, आन् आबांनी वरचा आकडा धरला.

संध्याकाळी चहा पिताना मी सगळं सांगितलं. सहासष्ट सेकंद, ३९ नंबर, वाटी, स्प्रिंग, सगळं. शंभरचं मात्र नाव काढलं नाही. आबांनी बशी खाली ठेवली.

"म्हंजे आपण जेवढं फिरलो ते पण कमीच का?"

म्हणलं नाही आबा, किलोमीटरचं वेगळं. ते आकडे दातेरी चक्रावर फिरतात, तिथं चुंबक नाही आन् स्प्रिंग नाही, टायर झिजण्यापुरता काय फरक पडंल तेवढाच. सकाळी दगड ते दगड शंभर मीटरवाला आकडा बरोबर एक चक्कर मारून आला, मी बघितलाय. तेवढं ऐकून आबा उठले, चप्पल घातली, गाडीपाशी गेले, धोतराच्या सोग्यानं मीटरची काच पुसली आन् बराच वेळ वाकून बघत बसले.

"हे एकदा सगळे नऊ होऊन शून्यावर आलंय," तिथूनच ओरडले. "लाख धरायचे."

धरतो म्हणलं.

"आन् तुझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नाच्या टायमाला केबल तुटली होती, अडीच वर्षं टाकलीच नव्हती मी. ते पण लिहून घे."