इंजिनामागची वाघीण

भुसावळच्या यार्डालगत लहानपण गेल्यामुळे मालगाडीचे डबे मोजण्याची सवय मला आजही सुटलेली नाही. पेट्रोल-डिझेलच्या टाक्यांची गाडी आली, की इंजिन आणि पहिली टाकी यांच्यामध्ये एक साधी, बंद वाघीण, म्हणजे मालाचा डबा, जोडलेली दिसे. तिला गार्ड वॅगन म्हणत, पण गार्डांचा डबा तर गाडीच्या शेवटी असे. यार्डात नोकरीला असलेल्या मामांना मी याचे कारण विचारले, तेव्हा ते म्हणाले, "इंजिनातली माणसं आणि पेट्रोल यांच्यात काही आडोसा नको का?"

वाफेच्या इंजिनाच्या काळात धुराड्यातून उडणाऱ्या ठिणग्यांची भीती होती. आता विजेची इंजिने आली, तरी टकरीची भीती गेलेली नाही. समोरून धडक बसली, की मागचे सारे वजन पुढे रेटले जाते आणि इंजिनाला चिकटलेला डबा सर्वांत आधी चेपतो; ती टाकी असेल, तर ती चालकाच्या पाठीशीच फुटेल. अमेरिकेतील नियमानुसार गाडीची लांबी पुरेशी असल्यास धोकादायक मालाची भरलेली टाकी इंजिनापासून सहाव्या जागेच्या आत लावता येत नाही, आणि लांबी अपुरी असली तरी मध्ये किमान एक डबा ठेवावाच लागतो. रिकाम्या टाकीलाही एका डब्याचे अंतर लागते, कारण तळाशी उरलेल्या थोड्या तेलाची वाफही पेट घेऊ शकते.

कोणता डबा कुठे लावायचा, हे ठरवण्यामागचे दुसरे कारण वजनाचे आहे. इंजिनालगतच्या कपलिंगवर, म्हणजे डबे जोडणाऱ्या सांध्यावर, संपूर्ण गाडीचा ताण येतो. आपल्याकडची कोळसा वाहणारी उघडी बॉक्सएन वाघीण रिकामी असताना सुमारे 22.5 टन, तर भरल्यावर सुमारे 81 टन भरते. वळणावर पुढची वाघीण हलकी आणि मागची गाडी जड असेल, तर त्या ताणाने हलकी वाघीण वळणाच्या आतल्या बाजूला ओढली जाते. उलट केवळ इंजिनाचे ब्रेक लागले, तर मागच्या रेट्याने ती बाहेर फेकली जाऊ शकते. म्हणून मिश्र गाडीत भरलेल्या वाघिणी शक्यतो पुढे आणि रिकाम्या मागे ठेवणे श्रेयस्कर असते. भुसावळजवळच्या दीपनगरच्या वीज केंद्राकडे जाणाऱ्या कोळशाच्या गाडीत सगळ्याच वाघिणी सारख्या भरलेल्या असल्याने तेथे हा प्रश्न येत नाही.

मला खरी अडचण वाटते ती या दोन कारणांच्या परस्परविरोधाची: आडोशाची वाघीण रिकामी ठेवली, तर सर्वाधिक ताणाच्या जागी सर्वांत हलका डबा येतो. अमेरिकेत कच्च्या तेलाच्या आणि इथेनॉलच्या गाड्यांना जोडलेल्या अशा डब्यांत त्यासाठी अनेकदा वाळू भरलेली असते.